नरक्याची रोपं टिश्यू कल्चरने करायची आहेत, माहिती आणि अनुभव हवेत

घाटवाट

नमस्कार मंडळी. शाहूवाडी तालुक्यात घाटमाथ्याला लागून आमचं गाव आहे. थोडं मालकीचं रान, वर देवराई, पलीकडे फॉरेस्ट. या सगळ्या पट्ट्यात पूर्वी नरक्या भरपूर होता, आता शोधत फिरावं लागतं. ज्यांना झाड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फेटिडा म्हणून सापडेल, काही ठिकाणी अमृता पण म्हणतात. लहानखुरं झाड, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं, फांदीच्या शेंड्याला पानांचा झुबका. पावसाळ्यात पिवळट पांढरी फुलं येतात आणि त्यांचा वास असा की झाड दिसायच्या आधीच कळतं जवळपास नरक्या आहे.

या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. मागणी वाढली तशी एजंट लोकांनी गावोगाव माणसं लावली, किलोवर पैसे, आणि मग नुसत्या फांद्या तोडून कोणी थांबलं नाही, मुळासकट उपटून नेलं कारण मुळातही माल असतो. वरून तोडलं असतं तर बुडख्याला परत फुटवा आला असता, हे झाड चांगलं फुटतं. पण मूळच गेलं तिथे काय फुटणार? गोण्या भरून रात्री टेम्पो जायचे. सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडच्या पेपरात अजून अधूनमधून नरक्या पकडल्याची बातमी येतेच.

माझ्या मावसभावाची सांगलीकडे केळीची टिश्यू कल्चर लॅब आहे (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवतात ती), जी-नाईन जातीची रोपं करतात. सीझन सोडून कल्चर रूमचे रॅक मोकळे असतात. आम्ही दोघांनी ठरवलंय की नरक्याची रोपं करायची आणि देवराईत, बांधावर, आजूबाजूच्या गावांत लावायला द्यायची, विकायची नाहीत. केळीचा अनुभव आहे पण जंगली झाडाचा नाही. कुठला भाग घ्यावा, शेंडा की डोळा की बी, मिडियात म्हणजे बाटलीतल्या खाद्यात काय घालावं, परवानगी कोणाची घ्यावी आणि मुळात हा रस्ता बरोबर आहे का तेही सांगा. स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

कासचा_वारा

चांगला धागा. वाचतोय.

टीसीवाली

घाटवाट दादा, मी बरीच वर्षं टिश्यू कल्चरमध्ये आहे, शोभेची झाडं, बांबू आणि काही वनझाडं केली आहेत, त्यावरून सांगते. केळी आणि जंगली झाड यात जमीन अस्मानाचा फरक आहे. केळीचा कंद आणला, शेंडा काढला, बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन) दिलं की फुटवे येत राहतात. रानातल्या मोठ्या नरक्याची फांदी आणून बाटलीत लावलीत तर दोनपैकी एक होणार, बुरशी येणार नाहीतर तुकडा काळा पडणार.

बुरशीचं कारण नुसती वरची धूळ माती नाहीये. झाडाच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत राहणाऱ्या बुरशी असतात, त्या बाहेरून कितीही धुतलं तरी जात नाहीत. नरक्यात तर त्या भरपूर. ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटं ठेवून तीन-चार वेळा निर्जंतुक पाण्याने धुतलं तरी पंधरा दिवसांनी कापलेल्या टोकातून पांढरा कापूस बाहेर येताना दिसतो. वेळ वाढवली तर बुरशीबरोबर डोळाही मरतो. (आणि मर्क्युरीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा. केळीच्या लॅबमध्येही याकडे काणाडोळा होतो म्हणून मुद्दाम लिहितेय.)

काळं पडणं म्हणजे फिनॉल, कापल्यावर झाडातून झिरपणारी द्रव्यं. झाडाचा तुकडा मिडियात खोचला की कापलेल्या टोकापासून तपकिरी रंग अगरमध्ये (मिडिया घट्ट करणारी जेली) उतरायला लागतो, पांढऱ्या कपड्यावर चहाचा डाग पसरावा तसा, आणि त्या डागात उभा असलेला तुकडा स्वतःच्याच रसाने मरतो. उपाय आहेत. तुकडे कापताना अॅस्कॉर्बिक आणि सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात ठेवा, मिडियात अॅक्टिव्हेटेड चारकोल किंवा पीव्हीपी (दोन्ही फिनॉल शोषून घेतात) घाला, पहिले काही दिवस अंधारात ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डाग दिसला की लगेच ताज्या मिडियावर हलवा. पहिल्या पंधरवड्यात रोज बाटल्या बघायला लागतात, केळीसारखं महिनाभर विसरून चालत नाही.

म्हणून आधी मदर प्लांट, म्हणजे ज्याचे तुकडे घ्यायचे ते आई-झाड, तयार करा. रानातला तुकडा थेट लॅबमध्ये आणायचाच नाही. ज्या झाडापासून करायचंय त्याच्या बुडख्याला आलेला नवा फुटवा मिळाला तर उत्तम, कारण जुन्या झाडाच्या शेंड्याच्या फांदीपेक्षा बुडाच्या फुटव्यात कोवळेपणा जास्त असतो आणि बाटलीत तो लवकर ऐकतो. नाहीतर त्याच्या काडीचं कलम नरक्याच्याच रोपावर बांधा, शेडनेटमध्ये कुंडीत वाढवा, वरून पाणी मारू नका, बुंध्यात द्या, बुरशीनाशकाची फवारणी चालू ठेवा. अशा झाडावर आलेला नवा फुटवा घेतला तर स्वच्छ बाटल्यांचं प्रमाण एकदम वाढतं.

मिडियाचं उद्या लिहिते, आता ट्रान्सफरला (तुकडे ताज्या मिडियावर हलवायला) बसायचंय.

नंदुरबारकर

विषयाला धरून एक गोष्ट, आमच्या गावाचा अभिमान म्हणून सांगतो. कॅम्प्टोथेसिन शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली चीनमधल्या कॅम्प्टोथेका नावाच्या झाडातून हे द्रव्य वेगळं केलं. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीने शोधलं. २०२० साली वारले. नंदुरबारच्या शाळांमधल्या मुलांना हे नाव माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं.

कॅरीकर

नंदुरबारकर, धन्यवाद. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, वॉल आणि वाणी यांची संस्था आमच्या घरापासून फार लांब नाही. २००३ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने या शोधाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. इथे पुष्कळ मराठी लोक औषध कंपन्यांत आहेत, पण हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या झाडात सापडतं हे मलाही हा धागा वाचूनच कळलं. ते आपल्याकडे कधी सापडलं?

पानफुटी

कॅरीकर, १९७२ साली. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी मॅपिया फेटिडामधून, म्हणजे आपल्या नरक्यातून, कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. चिनी झाडापेक्षा नरक्यात प्रमाण चांगलं निघालं आणि तेच त्याच्या मुळावर आलं. चांगलं म्हणजे किती, तर किलोभर वाळल्या लाकडात-सालीत काही ग्रॅम, बस्स. आणि झाडागणिक, जागेगणिक बदलतं. म्हणून टनावारी झाडं लागतात.

आता घाटवाट दादांच्या मूळ प्रश्नाबद्दल. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पश्चिम घाटातल्या झाडांवर काम करते. हा रस्ता बरोबर आहे का असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर, रस्ता बरोबर आहे पण एका झाडापासून हजार रोपं करणार असाल तर नका करू.

नरक्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुलं येतात. टिश्यू कल्चरमध्ये एका झाडाच्या डोळ्यापासून जेवढी रोपं येतील ती सगळी त्या झाडाचीच प्रत. तुम्ही नर झाडाचा डोळा घेतलात आणि हजार रोपं देवराईत लावलीत तर हजार नर. दहा वर्षांनी सगळे फुलतील, एकाला फळ धरणार नाही. आणि सगळी मादी लावलीत तर जवळपास नर आहे का त्यावर सगळं अवलंबून. लहान रोपावरून नर-मादी कळत नाही, फुलोरा येईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे आई-झाडं निवडायची वेळ पावसाळा, फुलं असताना. तेव्हाच जाऊन प्रत्येक झाडाला नंबर द्या, नर की मादी लिहून ठेवा.

दुसरं, सगळी रोपं एकाच रक्ताची असली तर एखादी कीड किंवा रोग सगळ्यांना एकदम लागतो. निदान पंचवीस-तीस वेगवेगळी झाडं, एकमेकांपासून लांबची, आणि शक्यतो ज्या घाटातली झाडं त्याच घाटात परत. आंबोलीचा नरक्या महाबळेश्वरात आणि महाबळेश्वरचा राधानगरीत अशी सरमिसळ करू नका.

घाटवाट

पानफुटी ताई, नर-मादीचं हे डोक्यातच नव्हतं, फार उपयोगाचं सांगितलंत. तीस झाडं म्हणजे तीस वेगळ्या लाईन (एकेका झाडाच्या प्रती) सांभाळायच्या, भावाला विचारतो रॅक पुरतील का. टीसीवाली ताई, मिडियाची वाट बघतोय.

रोपवाटिका_चंदगड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. माझी नर्सरी आहे, नरक्याची रोपं मी बियांपासून केली आहेत. एवढं टिश्यू कल्चर कशाला? थंडी सुरू व्हायच्या सुमाराला फळं पिकून गर्द जांभळी होतात, तेव्हा गोळा करायची. पक्षी खातात त्यामुळे उशीर केला तर झाडावर काही राहत नाही. सगळी काढायची नाहीत, पाखरांना आणि रानाला ठेवायची. आणली की त्याच दिवशी गर काढायचा, गर राहिला तर आत बुरशी धरते, गोणपाटावर चोळून धुतलं की बी मोकळं होतं. उन्हात वाळवायचं नाही. सावलीत पाणी निथळलं की लगेच वाळू आणि पानमातीत पेरायचं. हे बी डब्यात भरून ठेवायचं बी नाही, ठेवलं की मरतं, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर हातात काही लागणार नाही. उगवायला महिना दीड महिना किंवा जास्त पण लागतो, सगळी एकदम येत नाहीत, मागून मागून येत राहतात म्हणून वाफा लवकर मोडू नका. सावली पाहिजेच.

बियांपासून केलेलं प्रत्येक रोप वेगळं, नर पण येणार मादी पण येणार, आई-बापाचं वेगवेगळं रक्त. ताईंनी सांगितलेला अर्धा प्रश्न इथेच सुटतो आणि लॅबच्या लाईटबिलाचा खर्च पण नाही.

पानफुटी

दादा राग कसला, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जिथे फळणारी झाडं शिल्लक आहेत तिथे बी हाच पहिला मार्ग. टिश्यू कल्चर लागतं ते जिथे झाड आहे पण फळ नाही तिथे. म्हणजे एखाद्या देवराईत एकच जुनी मादी उरली आहे आणि नर सगळे तोडून नेले, किंवा उलट. त्या झाडाचं रक्त पुढच्या पिढीत जायचं असेल तर त्याच्या फांदीशिवाय दुसरं काही आपल्या हातात नाही. मोठ्या झाडाच्या काडीला नुसत्या कटिंगने मुळं धरणं अवघड जातं. अशा एकट्या पडलेल्या झाडांसाठी लॅब वापरा, बाकी सगळं बियांवर करा, असं माझं मत.

मुळामुठा

एक विचारू का? आमच्या आईला आतड्याचा कॅन्सर होता, केमोमध्ये इरिनोटेकॅन होतं. आज कळलं ते कुठून येतं. एका नातेवाईकांनी तेव्हा नरक्याचा पाला आणून काढा करून द्या असं सुचवलं होतं, आम्ही दिला नाही. पण असं कोणी घेतं का, उपयोग होतो का?

फार्मसीतला

मुळामुठा, दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. मी औषधनिर्माण क्षेत्रात आहे, हे ठळक करून लिहितो, नरक्याचा पाला, साल, मूळ काहीही घरी उकळून कोणाला देऊ नका. कॅम्प्टोथेसिन हे विषारी द्रव्य आहे. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, टोपोआयसोमरेज एक, त्याला हे अडकवून ठेवतं आणि पेशी मरते. कॅन्सरची पेशी भराभर दुभंगते म्हणून तिला जास्त लागतं, पण रक्त बनवणाऱ्या आणि आतड्याच्या चांगल्या पेशीही त्यात जातात. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्याचं सोडियम सॉल्ट करून १९७० च्या सुमारास माणसांवर चाचण्या झाल्या आणि दुष्परिणाम बघून थांबवाव्या लागल्या. नंतर रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन आले, दोन्हीला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. त्यांचाही डोस रक्ताचे रिपोर्ट बघून ठरतो. काढ्यात किती द्रव्य उतरलं हे कोण मोजणार? रोपं वाटाल तेव्हा प्रत्येक पिशवीबरोबर हे लिहून द्या ही घाटवाटांना कळकळीची विनंती.

घाटवाट

नक्की देणार. मराठीत मोठ्या अक्षरात छापून देतो.

मुळामुठा

धन्यवाद डॉक्टर किंवा सर जे असाल ते. रोपं तयार झाली की लावायला यायला आवडेल, आईच्या नावाने.

टीसीवाली

उशीर झाला, क्षमस्व. मिडिया लिहिते. सगळ्यांनी वापरलेला मुराशिगे-स्कूगचा एमएस मिडिया घ्या, १९६२ पासून जगभर चालतो. लिटरला ३० ग्रॅम साखर, ७ ते ८ ग्रॅम अगर, पीएच ५.८, ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला १५ पौंडावर वीस मिनिटं, हे तुमच्या भावाला पाठच असेल. फरक हार्मोनमध्ये आहे. केळीत बीएपी भरपूर देतात. झाडाच्या डोळ्याला तेवढं दिलंत तर पानं काचेसारखी पारदर्शक, फुगीर होतात, दिसायला छान हिरवीगार पण बाहेर काढली की तासाभरात कोलमडतात. तेव्हा कमी डोसपासून सुरू करा, आणि काचेसारखं दिसायला लागलं की डोस आणखी उतरवा, अगर थोडं वाढवा, हवा खेळती राहील अशी झाकणं वापरा.

नरक्यावर जे काम प्रसिद्ध झालंय त्यात टीडीझेड हे हार्मोन जास्त चाललेलं दिसतं. कोवळ्या रोपाचा बीजपत्राखालचा देठ घेऊन त्याचे सेंटीमीटरभर तुकडे टीडीझेडवर ठेवले की त्यावर थेट कोंब येतात. पण टीडीझेड फार तीव्र असतं, मिलिग्रॅमच्या दशांशात द्यायचं आणि कोंब दिसले की लगेच बिनहार्मोनच्या किंवा थोड्या बीएपीच्या मिडियावर न्यायचं. नाहीतर कोंबांचा नुसता गुच्छ होतो, एकही उंच वाढत नाही. हा देठाचा मार्ग बियांपासून निघालेल्या रोपांसाठी आहे, एका बीपासून पाच-दहा रोपं मिळवायला ठीक. पानफुटी म्हणतात त्या एकट्या जुन्या झाडासाठी डोळ्याचाच मार्ग घ्यायला लागेल.

कॅलस करून त्यातून रोपं काढायच्या भानगडीत पडू नका. मधे पेशींचा गोळा होऊन मग कोंब आला की त्यात बदल शिरण्याची शक्यता वाढते. आपल्याला आई-झाड जसं आहे तसं पाहिजे.

मुळं धरवणं हा नरक्याचा अवघड भाग. एमएस अर्ध्या ताकदीचा, साखर कमी, आयबीए (मुळं आणणारं हार्मोन). काही लाईन धरतील काही हट्टाने धरणार नाहीत, झाडागणिक स्वभाव वेगळा असतो. बाटलीत मुळं येत नसतील तर कोंबाचं टोक आयबीएच्या द्रावात बुडवून थेट कोकोपीटमध्ये लावून बघा, वरून पारदर्शक झाकण. अशी बाहेर आलेली मुळं बाटलीतल्या मुळांपेक्षा चिवट असतात.

मावळतीकडे

कॅम्प्टोथेसिनच लॅबमध्ये करता येत नाही का? म्हणजे झाडाची गरजच उरणार नाही.

पानफुटी

प्रयत्न बरेच झालेत. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), दोन्हीकडे २००० नंतरच्या वर्षांत नरक्याच्या कॅलसमधून कॅम्प्टोथेसिन मिळवण्यावर काम झालं. मिळतं, पण झाडाच्या मानाने फारच कमी. २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीच हे द्रव्य बनवते असं दाखवलं, तेव्हा सगळ्यांना मोठी आशा वाटली होती. पण अशा बुरशी झाडाबाहेर प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवल्या की हळूहळू द्रव्य बनवायचं सोडून देतात हा अनुभव येतो. ऑफिओरायझा नावाची छोटी झुडपं आहेत, आपल्या घाटातही आहेत, त्यांच्यातही हे द्रव्य असतं आणि त्यांच्या मुळांच्या कल्चरवर जपानमध्ये चांगलं काम झालंय. हे सगळं व्हावंच, पण ते होईपर्यंत रानातला नरक्या थांबणार नाही. शिवाय औषधाची गरज संपली तरी झाड रानात असायलाच पाहिजे. पावसाळ्यात त्या फुलांवर किती माशा-कीटक असतात बघा एकदा, फळांवर पाखरं असतात.

वनपाल_निवृत्त

घाटवाट, परवानगीचं मी सांगतो, आयुष्य यातच गेलं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, म्हणजे चांदोली, कोयना, राधानगरी, तर तिथून वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय पानसुद्धा आणायचं नाही. राखीव जंगल असेल तर आरएफओ (वनक्षेत्रपाल) यांच्यामार्फत डीएफओंकडे (विभागीय वनाधिकारी) लेखी अर्ज, त्यात किती झाडांपासून काय आणि किती घेणार ते स्पष्ट लिहा, बी घेणार असाल तर फळणाऱ्या झाडांचा किती भाग सोडणार तेही लिहा. देवराईची जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी सातबाऱ्यावर बघा, कुठे देवस्थान असतं कुठे महसूल कुठे वनखातं. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायला हवी. राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला आहे, त्यांनाही एक पत्र टाका.

मालकीच्या रानात लावणार असाल तर लागवडीची नोंद आजच करून ठेवा, फोटोसकट. उद्या झाडं मोठी झाली आणि कोणी तक्रार केली तर ही झाडं आम्ही लावली हे दाखवता आलं पाहिजे. नोंद नसल्यामुळे चांगली माणसं चौकशीत अडकलेली मी पाहिली आहेत.

आणि एक. कुठल्या देवराईत, कुठल्या ओढ्याला नरक्या आहे हे या धाग्यावर कोणीही लिहू नका. एजंट सुद्धा वाचतात.

सह्यभटक्या

वनपाल काकांशी सहमत. आम्ही ट्रेकला जातो तेव्हा नरक्याचे फोटो लोकेशनसकट ग्रुपवर टाकले जातात, ते आमच्या ग्रुपमध्ये तरी आता बंद करतो. फुलांच्या वेळी नर-मादी नोंदवायला माणसं लागणार असतील तर आम्ही काहीजण येऊ. ओळखायचं कसं ते कोणी दाखवेल का?

पानफुटी

मी येईन. दहा एक्सची छोटी भिंग प्रत्येकाने आणा. फुल लहान असतं, पण भिंगातून नराच्या फुलात परागाने भरलेले पुंकेसर स्पष्ट दिसतात आणि मधला अंडाशय अगदी नावाला असतो. मादीत उलट, मधे फुगीर अंडाशय, पुंकेसर असले तरी रिकामे. एका झाडाचं एकच फूल बघून ठरवू नका, वेगवेगळ्या फांद्यांवरची बघा, दोन्ही प्रकारची निघाली तर तसंच लिहा.

कासचा_वारा

वनझाडांचं टिश्यू कल्चर आपल्याकडे खरंच यशस्वी झालंय का? केळी सोडून दुसरं काही ऐकण्यात नाही म्हणून विचारतो.

टीसीवाली

झालंय तर! एनसीएलने १९८० सालीच सागाच्या शंभरीतल्या झाडापासून रोपं केली होती. १९९० मध्ये त्यांनी बांबूला बाटलीत फुलं आणली, ते नेचरमध्ये छापून आलं होतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दुर्मिळ वनस्पतींवर चांगलं काम आहे, घाटवाट दादांना तर जवळ, तिथे जाऊन भेटा. नरक्याची रोपं बाटलीतून मातीपर्यंत नेणंही संशोधकांनी केलेलं आहे. अडतं ते पुढे. पेपर छापला की काम थांबतं, रोपं रानात गेली का, जगली का हे बघायला कोणाकडे पैसे नसतात, माणूस नसतो. तुमच्याकडे लॅब पण आहे आणि रान पण आहे, असं एकत्र क्वचित असतं, म्हणून मी एवढं लिहितेय.

हार्डनिंगबद्दल, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याबद्दल, राहिलंच. बाटलीतल्या पानाला वरचा मेणाचा थर नसतो, पर्णरंध्रं उघडीच राहतात, त्यामुळे बाहेर काढलं की पाणी उडून जातं. आधी अगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, राहिलं तर बुरशी. मग प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट, वर पॉलिथिनचा बोगदा, आत दमट. दोन आठवड्यांनी रोज थोडं थोडं उघडत जा. केळी तुम्ही लवकर शेडनेटखाली काढता, नरक्या काढू नका, हे सावलीतलं झाड आहे, दाट नेट पाहिजे. पिशवीत भरताना थोडी रानातलीच पानमाती मिसळा. निदान एक पूर्ण उन्हाळा नर्सरीत काढल्याशिवाय रानात लावू नका, आणि लावायचं ते पहिला पाऊस स्थिरावल्यावर.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी बोलणं झालं, आता असं ठरतंय. जिथे फळं धरतात तिथलं बी चंदगडच्या दादांनी सांगितलं तसं गोळा करून नर्सरी आमच्याच गावात करायची, ती मुख्य. लॅबमध्ये फक्त एकटी पडलेली झाडं घ्यायची. अशी आमच्या बाजूला काही माहीत आहेत, फळ धरत नाही असं गावातले म्हातारे सांगतात. त्यांची आधी फुलात तपासणी, मग बुडाचे फुटवे, मग कलम, मग बाटली. म्हणजे पहिलं वर्ष लॅबमध्ये काही दिसणारच नाही, भावाने ते मान्य केलंय. आरएफओ साहेबांना भेटायची वेळ मागितली आहे, अर्ज वनपाल काकांनी बघून दिला तर बरं होईल, व्यनि (खासगी निरोप) करतो. सह्यभटक्या, फुलोऱ्याच्या वेळी मुक्कामाची सोय आमच्याकडे, जागा फोनवरच सांगेन.

एक शंका. लॅबमध्ये तीस लाईन झाल्या आणि कामाला असलेल्या मुलींनी सबकल्चर (नव्या बाटलीत हलवणं) करताना बाटल्या मिसळल्या तर नर-मादीची सगळी मेहनत वाया. केळीत हा प्रश्नच येत नाही, सगळी एकच जात. तुम्ही कसं सांभाळता?

टीसीवाली

एका वेळी लॅमिनारवर (निर्जंतुक हवेच्या टेबलावर) एकच लाईन, दुसरी लाईन रूममध्ये आणायचीच नाही जोपर्यंत पहिलीच्या सगळ्या बाटल्या बंद होऊन रॅकवर जात नाहीत. झाकणावर कधीच लिहू नका, झाकणं बदलतात, बाटलीच्या काचेवर लिहा. साधं मार्कर स्पिरिटने पुसलं जातं, म्हणून कागदी लेबलवर पेन्सिलने लिहून वरून पारदर्शक टेप. त्यावर आई-झाडाचा नंबर, नर की मादी, गाव न लिहिता घाटाचा कोड, ट्रान्सफरची तारीख आणि कितवं सबकल्चर. नर लाईनला एका रंगाची लेबलं, मादीला दुसऱ्या, म्हणजे लांबूनही कळतं. वहीत तीच नोंद त्याच दिवशी, आणि हार्डनिंगच्या ट्रेमध्ये बाटलीचं लेबल काढून काडीला लावून बरोबरच पाठवायचं. लेबल नसलेली बाटली दिसली की कितीही चांगली वाढलेली असली तरी ती या कामातून बाजूला, तिची रोपं शाळेच्या बागेत द्या, देवराईत नको. आणि मुलींना आधी रानात नेऊन झाड दाखवा.